जाड टायरचा फंडा : २१५ की २६५?

एकदा हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये चक्कर मारून या. कितीतरी बाईक्सना मागे कंपनीने दिलेल्यापेक्षा जाड टायर दिसेल. का बसवला, असं मालकाला विचारलंत की उत्तर ठरलेलं : "ग्रिप वाढते यार!" आता गंमत बघा. घर्षणाचा नियम आपण अकरावीपासून घोकतोय. घर्षणबल म्हणजे म्यू गुणिले नॉर्मल रिअ‍ॅक्शन. यात क्षेत्रफळ कुठे आहे? कुठेच नाही! मग टायर जाड करून ग्रिप वाढणार कशी? आणि वाढत नसेल तर रेसिंगच्या गाड्यांना ते पिंपासारखे टायर कशासाठी लावतात? पुस्तक आणि फेरारी, दोघांपैकी एक जण चुकतोय असं वाटतं ना? दोघंही बरोबर आहेत. कसे, ते एका खऱ्या गाडीवरून बघू.

गाडी आहे टोयोटा ८६. माझा मामेभाऊ मेलबर्नला नोकरी करतो. त्याने गेल्या वर्षी २०१३ची सेकंडहॅण्ड ८६ घेतली. ही गाडी भारतात कंपनीने कधी विकली नाही, म्हणून थोडी ओळख करून देते. टोयोटा आणि सुबारू या दोन जपानी कंपन्यांनी मिळून ती बनवली, २०१२ मध्ये बाजारात आली. दोन लिटरचं आडव्या सिलिंडरांचं इंजिन, २०० हॉर्सपॉवर, वजन साधारण १२५० किलो आणि मुख्य म्हणजे रिअर व्हील ड्राइव्ह. इंजिन पुढे, पण ताकद मागच्या चाकांना. आपल्याकडच्या स्विफ्ट, आय-टेन वगैरे गाड्या पुढची चाकं फिरवतात. मागची चाकं फिरवणाऱ्या म्हणजे अ‍ॅम्बॅसडर, ओम्नी, जुनी इनोव्हा. (हो, ओम्नी आणि स्पोर्ट्स कार यांच्यात एवढं साम्य आहे. ओम्नीवाल्यांनी कॉलर ताठ करावी!)

तर दादाने एका दुकानाच्या साईटवरचा फोटो मला पाठवला. पुढे १८ इंची साडेआठ रुंद व्हील आणि २२५चा टायर, मागे १८ इंची साडेनऊ रुंद व्हील आणि २६५चा टायर. सोबत मेसेज : "तू मेकॅनिकलला आहेस ना, मग सांग, घेऊ का?" त्याच्याकडे पैसे एकदाच खर्च करण्याइतके होते. शिवाय गाडीवरचे जुने टायर झिजत आलेले आणि तिकडे जून ते ऑगस्ट थंडी आणि ओले रस्ते. म्हणजे चुकीचा सल्ला देऊन चालणार नव्हतं. माझं प्रिपरेशन लीव्ह चालू होतं, तरी मी बसले गणित करायला. थिअरी ऑफ मशिन्सपेक्षा हे बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

सर्वात आधी टायरवरचे आकडे. कंपनीने ८६ला जो टायर दिला त्यावर लिहिलेलं असतं २१५/४५ आर १७. पहिला आकडा रुंदी, मिलीमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण मिलीमीटरमध्ये नाही बरं का! ती रुंदीच्या टक्केवारीत असते. म्हणजे २१५चे ४५ टक्के, ९६.७५ मिमी. आर म्हणजे रेडिअल. आणि १७ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचात! एकाच ओळीत मिलीमीटर, टक्के आणि इंच... युनिट्सचा असा गोंधळ आपण जर्नलमध्ये केला असता तर सरांनी जर्नल तोंडावर फेकलं असतं. असो. पूर्ण टायरचा व्यास काढायचा तर १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी, अधिक भिंत दोनदा, १९३.५. बेरीज ६२५.३ मिमी.

हा व्यास लक्षात ठेवा, कारण स्पीडोमीटर त्याच्यावर चालतो. गाडीला रस्ता दिसत नाही, तिला फक्त चाक किती वेळा फिरलं ते कळतं. चाक मोठं केलं की प्रत्येक फेरीत गाडी जास्त अंतर जाते आणि काटा मात्र जुन्याच हिशोबाने दाखवतो. दादाच्या फोटोतला मागचा टायर २६५/३५ आर १८. त्याचा व्यास ४५७.२ अधिक १८५.५, म्हणजे ६४२.७. कंपनीपेक्षा २.८ टक्के जास्त. काटा पूर्वी जिथे १०० दाखवायचा तिथे आता साधारण ९७ दाखवणार. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, असा नियम युरोप, ऑस्ट्रेलिया सगळीकडे आहे. कंपन्या म्हणूनच काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. मोठा टायर ती शिल्लक खाऊन टाकतो. शिवाय फायनल ड्राइव्हचा रेशो बदलल्यासारखं होतं, पिकअप तेवढाच मरतो. २०० हॉर्सपॉवरच्या गाडीत पिकअप मारणं म्हणजे उपासाला आलेल्या माणसाच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी काढून घेणं.

आता मूळ प्रश्न, ग्रिप. टायर रस्त्याला जिथे टेकतो तो तुकडा केवढा असतो, कल्पना आहे? काढूया. गाडी आणि ड्रायव्हर मिळून १३२० किलो धरा. एका चाकावर सरासरी ३३० किलो, म्हणजे साधारण ३२४० न्यूटन. टायरमध्ये हवा ३५ पीएसआय, म्हणजे सुमारे २४० किलोपास्कल. टायरची भिंत थोडं वजन पेलते ते सोडून दिलं, तर वजन भागिले दाब म्हणजे क्षेत्रफळ. उत्तर येतं सुमारे १३५ चौरस सेंटीमीटर. आपलं पोस्टाचं साधं कार्ड १४ बाय ९ सेंटीमीटरचं, म्हणजे १२६ चौरस सेंटीमीटर. ताशी शंभरच्या वेगाने वळणारी गाडी चार पोस्टकार्डांवर उभी असते! हे मी रूमपार्टनरला सांगितलं तेव्हा तिने दोन मिनिटं पुस्तक खाली ठेवलं, ती कॉम्प्युटरची असूनही.

आणि आता खरा फंडा. या भागाकारात टायरची रुंदी कुठेही आली नाही. वजन तेच, हवा तीच, तर क्षेत्रफळ जवळजवळ तेच. २१५च्या टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा साधारण साडेएकोणीस सेंटीमीटर रुंद धरला तर तुकड्याची लांबी सात सेंटीमीटरच्या आसपास. २४५चा टायर लावलात तर पट्टा रुंद होतो बावीसच्या घरात, आणि लांबी उतरते सहावर. पोस्टकार्ड तेवढंच, नुसतं आडवं झालं.

मग फरक पडतो का? पडतो, पण वेगळ्या कारणाने. गाडी वळताना टायरचं तोंड आणि गाडीची प्रत्यक्ष जायची दिशा यांच्यात थोडा कोन पडतो. त्याला स्लिप अँगल म्हणतात. रबर रस्त्याला पुढच्या टोकाला चिकटतं आणि मागे सरकत सरकत वाकत जातं, शेवटी मागच्या टोकाला घसरतं. तुकडा लांबट असेल तर मागचा बराचसा भाग घसरण्यातच जातो. आखूड आणि रुंद असेल तर कमी कोनात जास्त बाजूचा जोर मिळतो. स्टिअरिंग फिरवल्या फिरवल्या गाडी वळते. लोकांना जी "ग्रिप" वाटते ती पुष्कळदा ही चपळाई असते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पुस्तकातला म्यू स्थिर असतो, पण रबराचा नसतो! टायरवर वजन वाढत जातं तसा त्याचा म्यू हळूहळू उतरतो. याला लोड सेन्सिटिव्हिटी म्हणतात. (लायब्ररीत गिलेस्पीचं व्हेइकल डायनॅमिक्सचं पुस्तक आहे, त्यात छान दिलंय. पण ते बाहेर इश्यू होत नाही, तिथेच बसून वाचावं लागतं.) समजण्यापुरते आकडे घेऊ. ३०० किलोला म्यू १.०० आहे, ४५० किलोला ०.९५ आणि १५० किलोला १.०५. सरळ रस्त्यावर दोन टायर मिळून ६०० किलोची पकड देतात. वळणावर वजन आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जातं. बाहेरचा ४५० गुणिले ०.९५, म्हणजे ४२७.५. आतला १५० गुणिले १.०५, म्हणजे १५७.५. बेरीज ५८५. पंधरा किलोची पकड हवेत गेली, कुठेही काही न बिघडता. रुंद टायरमध्ये हा उतार कमी तीव्र असतो, कारण भार रबराच्या जास्त भागावर पसरतो आणि रबर कमी तापतं. त्यामुळेच रुंद टायरला मऊ रबर वापरता येतं. अरुंद टायरला तेवढं मऊ रबर दिलं तर ते लवकर तापून झिजेल. रेसिंगवाल्यांचे पिंपासारखे टायर याच कारणासाठी असतात. रुंदीमुळे मऊ रबर परवडतं, आणि ग्रिप त्या रबरातून येते. अकरावीचं पुस्तक स्थिर म्यूपुरतं बरोबर आणि फेरारी रबरापुरती बरोबर.

आता मागच्या चाकांची गोष्ट वेगळी का, ते बघा. टायरची एकूण पकड एका वर्तुळासारखी असते. समजा शंभर. ती पुढे ढकलण्यात वापरा नाहीतर बाजूला धरण्यात वापरा, पण दोघांच्या वर्गांची बेरीज शंभराच्या वर्गाच्या बाहेर जाऊ शकत नाही. पायथागोरस! मागच्या टायरने साठ भाग गाडी ढकलायला वापरले तर बाजूसाठी ऐंशी उरतात. ऐंशी वापरले तर फक्त साठ. म्हणजे वळणात अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबला की मागच्या चाकांची बाजूची पकड उतरते आणि गाडीची शेपूट बाहेर निघते. हे ओव्हरस्टिअर. उलट पुढच्या चाकांची पकड आधी संपली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाक पुढे काढून सरळच जाते. ते अंडरस्टिअर. गाडी बनवणारे पुढच्या आणि मागच्या टायरच्या रुंदीतून हा तोल ठरवतात. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद केले की मागची पकड वाढते आणि गाडी अंडरस्टिअरकडे झुकते. घरी जायचं असेल तर सामान्य माणसाला हेच बरं, कारण घाबरलेला माणूस अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि अंडरस्टिअरमध्ये तेवढं पुरतं.

याची दोन झकास उदाहरणं. पोर्शेने १९७३च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ला पुढे १८५/७० आणि मागे २१५/६० टायर दिले, दोन्ही १५ इंची. पुढेमागे वेगळ्या मापाचे टायर देण्याची पोर्शेच्या रस्त्यावरच्या गाड्यांमधली ती सुरुवात. कारण ९११चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकतं, शेपूट जड. दुसरं होंडा एस २०००. १९९९ मध्ये आली तेव्हा पुढे २०५, मागे २२५. शेपूट फारच पटकन सुटते अशी तिची ख्याती झाली. मग २००४च्या मॉडेलला होंडाने सस्पेन्शन बदललं आणि टायर केले पुढे २१५, मागे २४५. पुढे दहाने वाढ, मागे वीसने. गाडी शांत झाली. टायरची रुंदी म्हणजे दिसण्याची वस्तू नाही, ते ट्यूनिंगचं बटण आहे, हे मला या होंडावरून कळलं.

आणि ८६? तिला चारही चाकांना सारखेच, फक्त २१५! मिशेलिन प्रायमसी जातीचे टायर, जे काही देशांत टोयोटाच्या प्रियसलाही मिळायचे. प्रियस म्हणजे ती पेट्रोल वाचवणारी हायब्रिड. स्पोर्ट्स कारला प्रियसचे टायर म्हणून लोकांनी खूप थट्टा केली. पण चीफ इंजिनियर तेत्सुया तादा आणि त्यांच्या टीमने ते मुद्दाम केलं होतं. गाडीची मजा कमी वेगात कळावी, पकड हळूहळू सुटावी, सुटताना हाताला जाणवावी आणि माणसाला ती परत सावरता यावी, हा हेतू. गाडीचं वजन पुढे ५३ आणि मागे ४७ टक्के, जवळजवळ समतोल. सारखे टायर लावून तो समतोल तसाच ठेवला. २०२१ मध्ये तिची पुढची आवृत्ती जीआर८६ आली. इंजिन २.४ लिटर, ताकद जास्त. वरच्या मॉडेलला १८ इंची व्हील आणि पायलट स्पोर्ट ४ हा खूपच चांगला टायर. रुंदी? २१५! टायरची जात बदलली, रुंदी नाही. कंपनीचं म्हणणं यापेक्षा स्पष्ट काय असणार.

आता दादाचा फोटो पुन्हा बघा. पुढे २२५, मागे २६५. चाळीस मिमीचा फरक. होंडाने बदलल्यावरही फरक तीसच होता, आणि तिथे शेपूट आवरायची गरज होती. इथे शेपटीची पकड एवढी वाढली की २०० हॉर्सपॉवरला ती सुटणारच नाही आणि पुढची चाकं मात्र आधी हार मानतील. ज्या कारणासाठी लोक ८६ घेतात तेच कारण पैसे देऊन काढून टाकायचं. मी दादाला हे जरा सौम्य भाषेत सांगितलं. तो म्हणाला, "पण मागून दिसते किती भारी!" यावर माझ्याकडे इक्वेशन नाही.

पावसाचं वेगळं. टायर पाण्यावर तरंगायला लागतो त्याला अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या दशकात विमानाच्या टायरांवर प्रयोग करून सूत्र दिलं : पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ, म्हणजे तरंगण्याचा वेग, नॉट्समध्ये. ३५ पीएसआयला हा वेग येतो ५३ नॉट्स, ताशी ९९ किलोमीटरच्या आसपास. यात रुंदी नाही, पण पुढे १९८०च्या दशकात हॉर्न यांनीच दाखवलं की तुकड्याचा आकारही मोजावा लागतो. आखूड आणि रुंद तुकडा लवकर तरंगतो, कारण समोरचं जास्त पाणी बाजूला सारायचं असतं आणि त्यासाठी वेळ कमी मिळतो. नक्षी खोल असेल तर पाण्याला वाट मिळते. दादाच्या गाडीवरचे टायर झिजलेले. म्हणजे सर्वांत मोठा धोका रुंदीचा नव्हताच, नक्षीचा होता. मेलबर्नजवळच्या डँडेनाँग डोंगरातले ओले, वळणावळणाचे रस्ते त्याला रविवारी सकाळी हवे असतात. मामीला हे माहीत नाही आणि हे मासिक ठाण्यापर्यंत पोहोचत नाही अशी आशा आहे.

टायरचं झालं, आता व्हील. इथे सगळे जण व्यास आणि रुंदी बघतात आणि ऑफसेट विसरतात. व्हीलच्या रुंदीच्या बरोबर मध्यावरून एक रेषा कल्पा. गाडीच्या हबला टेकणारी जागा त्या रेषेपासून किती मिलीमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो ऑफसेट. ८६चं मूळ व्हील १७ बाय ७, ऑफसेट अधिक ४८. सात इंच म्हणजे १७७.८ मिमी, अर्धे ८८.९. हबपासून बाहेरच्या बाजूला उरतात ८८.९ वजा ४८, म्हणजे ४०.९ मिमी. आतल्या बाजूला ८८.९ अधिक ४८, म्हणजे १३६.९.

दादाचं मागचं व्हील १८ बाय साडेनऊ, ऑफसेट अधिक ३८. साडेनऊ इंचाचे अर्धे १२०.६५. बाहेर ८२.६५, आत १५८.६५. वजाबाकी करा : व्हील बाहेर जवळजवळ ४२ मिमी सरकलं आणि आतही २२ मिमी घुसलं! आतल्या बाजूला सस्पेन्शनचे दांडे, बाहेर मडगार्डची कड. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियात प्रवासी गाडीचा ट्रॅक कंपनीच्या मापापेक्षा २५ मिमीहून जास्त वाढवायचा नाही असा नियम आहे, आणि ट्रॅक ऑफसेटवरून मोजतात. ऑफसेट १०ने कमी, दोन्ही बाजू मिळून २० मिमी. म्हणजे त्या नियमात हे व्हील बसतं! पण टायर मडगार्डच्या बाहेर दिसायचा नाही हा दुसरा नियम आहे आणि तिथे ते नापास होतं. दुकानदार पहिला नियम सांगतो, दुसरा नाही.

पुढच्या चाकांचा ऑफसेट बदलला तर आणखी एक गोष्ट बिघडते. ज्या अक्षाभोवती चाक वळतं तो अक्ष जमिनीला जिथे टेकतो आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, यांच्यातलं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. ऑफसेट दहाने कमी केला की टायरचा मध्य दहा मिमी बाहेर जातो. मग एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं किंवा एकाच बाजूच्या चाकाखाली पाणी आलं की स्टिअरिंग हिसका देतं. ८६च्या स्टिअरिंगचं एवढं कौतुक होतं, ते नासवायला दहा मिमी पुरतात.

वजनाचंही थोडक्यात. चाक नुसतं पुढे जात नाही, फिरतंही. परिघाजवळचा एक किलो पिकअपला दीड ते दोन किलोसारखा जड पडतो. व्हील आणि टायर मिळून प्रत्येक कोपऱ्यात तीन किलो वाढले तर चार कोपऱ्यांचे बारा, आणि इंजिनला ते अठरा ते चोवीस वाटतात. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालचं, त्यामुळे खराब रस्त्यावर चाक जमिनीला धरून राहत नाही. जाहिरातीत व्हीलचा रंग पाच ठिकाणी लिहिलेला असतो, वजन एकाही ठिकाणी नाही. विचारून घ्यावं. कास्ट व्हील स्वस्त आणि जड, फोर्ज्ड हलकं आणि महाग, मधलं फ्लो-फॉर्म्ड. जपानी व्हीलवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयएची खूण असते, म्हणजे वाकवण्याच्या आणि आपटण्याच्या चाचण्या झाल्यात. रेजचं टीई३७ हे व्हील १९९६ पासून इतकं गाजलं की त्याच्या नकला जगभर मिळतात. नक्कल दिसायला तशीच असते, पण खड्ड्यात कुठलं चिरेल ते दिसण्यावरून कळत नाही.

शेवटी मी दादाला काय सांगितलं? आधी टायर, मग व्हील. मूळ व्हीलवरच २१५/४५ आर १७, पण चांगल्या जातीचे, ओल्यातल्या ब्रेकिंगसाठी नावाजलेले. पुढे हौस असेलच तर १७ बाय ८, ऑफसेट अधिक ४५, चारही सारखी, आणि २२५/४५ आर १७. व्यास ६३४.३, वाढ दीड टक्क्याच्या आत. व्हील बाहेर सुमारे १६ मिमी जातं, आत १०. चारही सारखी असली की टायर पुढेमागे बदलून सारखे झिजवता येतात, हा फायदा तर शुद्ध पैशांचा आहे. २४५चा टायर सात इंची मूळ व्हीलवर चढवायचा विचार त्याने मधेच काढला होता. त्याला किमान आठ इंची व्हील लागतं, सातवर तो फुग्यासारखा फुगतो आणि वळणात भिंत डुलते. दादाने टायर घेतले. गाडी दिसायला होती तशीच आहे, ही त्याची तक्रार अजून चालू आहे.

आपल्या पार्किंगवाल्यांसाठी एक-दोन गोष्टी. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल गाडीत करता येणार नाहीत. आणि जाड टायर सेकंडहॅण्ड घेत असाल तर त्याच्या भिंतीवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी रबर म्हातारं होतं, कडक होतं. वर सांगितलेला म्यू तिथेच जातो.

दादाने कधी ना कधी व्हील घेतलीच तर म्हणून त्याला आणखी काही लिहून पाठवलंय. ८६च्या हबचा व्यास ५६.१ मिमी आहे, बाजारातल्या बऱ्याच व्हीलांचं मधलं भोक त्याहून मोठं असतं. मध्ये नेमक्या मापाची रिंग घालावी लागते, नाहीतर व्हील मध्यावर बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. पाच नट, १०० मिमी वर्तुळावर. गाडीवर नाव टोयोटाचं असलं तरी स्टड सुबारूच्या आट्यांचे आहेत, १२ बाय १.२५. टोयोटाचे नेहमीचे १२ बाय १.५चे नट जबरदस्तीने फिरवले तर आटे जातात. नटचं बूड निमुळतं आहे की गोलसर, तेही व्हीलच्या भोकाशी जुळलं पाहिजे. टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर, चांदणी काढतो तशा क्रमाने, आणि शंभरेक किलोमीटर चालवल्यावर परत तपासायचे. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं आणि मागे दोन माणसं बसवून स्पीडब्रेकरवरून हळू न्यायची. ८६च्या मागच्या सीटवर दोन मोठी माणसं बसवणं हेच यातलं सगळ्यात अवघड काम आहे, पण मडगार्ड घासतं की नाही ते त्याशिवाय कळत नाही.